आईवडिलांच्या झोपण्याच्या खोलीसाठी परवडणारा टीव्ही: ३२ इंची घ्यावा की ४३ इंची?

रानवारा:
नमस्कार. माझे आईवडील चिपळूणजवळच्या आमच्या गावच्या घरी राहतात आणि मी नोकरीनिमित्त डोंबिवलीत असतो. त्यांच्या झोपण्याच्या खोलीतला ३२ इंची एलईडी टीव्ही नऊ वर्षे चालून मागच्या आठवड्यात बिघडला. आवाज येतो, रिमोटने वाहिन्याही बदलतात, पण पडदा काळाच राहतो. बाबांचे वय ७८ आहे आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे ते दिवसाचा बराच वेळ याच खोलीत असतात, त्यामुळे हा टीव्ही नावाला दुसरा असला तरी त्यांच्या दृष्टीने तोच मुख्य आहे. बातम्या, कीर्तन आणि क्रिकेट एवढेच ते पाहतात, तेही बहुतेक वेळा उशांना टेकून किंवा कुशीवर पडून. बातम्यांच्या खालची सरकती अक्षरे वाचता येत नाहीत, अशी त्यांची जुनी तक्रार आहे. पलंगावरच्या उशीपासून समोरच्या भिंतीपर्यंत नऊ फूट अंतर आहे आणि त्या भिंतीवर कपाट व खिडकी यांच्यामध्ये साडेतीन फुटांची मोकळी जागा आहे. पंचवीस हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. पुन्हा ३२ इंची घ्यावा की ४३ इंची, आणि ४ के, म्हणजे जास्त बारीक ठिपक्यांचा पडदा, असण्याने बाबांना खरोखर काही फरक पडेल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना तंत्रज्ञ:
नवा टीव्ही घेण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करून पाहा. रात्री खोलीत पूर्ण अंधार करून टीव्ही चालू करावा आणि मोबाईलची बॅटरी (टॉर्च) पडद्याला जवळजवळ टेकवून तिरकी धरावी. त्या प्रकाशात चित्राच्या पुसट आकृत्या हलताना दिसल्या, तर पॅनेल (चित्र उमटवणारा काचेचा भाग) जिवंत आहे आणि केवळ त्यामागचा उजेड गेला आहे असे समजावे. या उजेडासाठी आत एलईडीच्या पट्ट्या असतात आणि त्यांतले दिवे एकामागे एक असे एकाच साखळीत जोडलेले असतात. त्यामुळे एक दिवा जळाला तरी सगळी साखळी बंद पडते आणि आवाज सुरू राहून पडदा काळा होतो. पट्ट्या बदलण्याचा खर्च नव्या टीव्हीच्या मानाने फारच थोडा असतो. मात्र हे काम सराव असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे, कारण पट्ट्यांपर्यंत पोहोचण्यासाठी पॅनेलची अत्यंत पातळ काच उचलून बाजूला ठेवावी लागते आणि ती तडकली की दुरुस्तीला काही अर्थ उरत नाही.

रानवारा:
आपल्या सूचनेप्रमाणे काकांच्या मुलाने काल रात्री चाचणी केली आणि पुसट चित्र दिसले. आज गावातल्या तंत्रज्ञांनी टीव्ही उघडून पाहिला. पट्ट्या दोन वर्षांपूर्वी एकदा बदलल्या होत्या, त्या पुन्हा गेल्या आहेत. त्यांनी तात्पुरत्या पट्ट्या लावून पाहिल्या, तेव्हा पडद्याच्या उजव्या भागात उभ्या रेघा दिसू लागल्या, म्हणजे पॅनेलही खराब होत चालले आहे. दुरुस्ती करण्यात अर्थ नाही, असे त्यांनी स्वतःच सांगितले. त्यामुळे आता नवाच घ्यायचा आहे.

उत्तरा:
मी दीड वर्षापूर्वी माझ्या सासूबाईंच्या खोलीसाठी याच प्रश्नातून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आपल्या प्रश्नात दोन वेगळे मुद्दे एकत्र आले आहेत: चित्राचा रेखीवपणा आणि अक्षरांचा आकार. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखू शकतो. त्या हिशेबाने ३२ इंची, १३६६ × ७६८ ठिपक्यांच्या पडद्यावरचे ठिपके सुमारे सहा फुटांपलीकडून वेगळे दिसत नाहीत, ४३ इंची फुल एचडीचे साडेपाच फुटांपलीकडून आणि ४३ इंची ४ केचे तर तीन फुटांच्या आतूनच दिसतील. आपले अंतर नऊ फूट आहे. तेव्हा ४ केमुळे बाबांना चित्र अधिक रेखीव दिसेल ही अपेक्षा ठेवू नये. अक्षरांचा आकार मात्र ३२ वरून ४३ वर गेल्यास एक तृतीयांशाने वाढतो आणि पडद्याचे क्षेत्रफळ जवळजवळ १.८ पट होते. बाबांची तक्रार अक्षरांची आहे, म्हणून माझे स्पष्ट मत ४३ इंचीच्या बाजूने आहे. ४३ इंची संच आता बहुतेक ४ केच मिळतात, तेव्हा ते आपोआप येईल, पण त्यासाठी म्हणून जास्त पैसे देऊ नयेत.

जागेचे मोजमाप आपण दिले आहे ते फार बरे झाले. ४३ इंच हे कर्णाचे माप आहे. असा टीव्ही प्रत्यक्षात सुमारे ९६ सेंटिमीटर रुंद असतो आणि आपली जागा १०७ सेंटिमीटर आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम पाच-पाच सेंटिमीटर उरतील. कपाटाचे दार त्या बाजूला उघडत असेल, तर ते टीव्हीला लागणार नाही ना, हे आधी पाहावे.

खर्चाच्या दृष्टीने एक अनुकूल बदल झालेला आहे. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर तो आधीपासूनच १८ टक्के होता. करापूर्वीची किंमत २०,००० रुपये असलेला संच पूर्वी २५,६०० रुपयांना पडला असता, तो आता २३,६०० रुपयांना पडतो, त्यामुळे आपल्या मर्यादेत ४३ इंची बसणे अवघड नाही.

आता ज्या गोष्टीकडे मी स्वतः दुर्लक्ष केले आणि नंतर पस्तावले, ती सांगते. पडून टीव्ही पाहणाऱ्या माणसाची नजर पडद्यावर सरळ पडत नाही, ती खालून आणि बाजूने पडते. पॅनेलचे मुख्यतः दोन प्रकार असतात. व्हीए प्रकारात काळा रंग गडद दिसतो, परंतु बाजूने पाहिले की चेहरे फिके पडतात. आयपीएस प्रकारात काळा रंग थोडा राखाडी वाटतो, पण कोनातून पाहूनही रंग टिकतात. अंधारात चित्रपट पाहणाऱ्याने व्हीए घ्यावे, परंतु दिवसा उजेडात कुशीवर पडून बातम्या पाहणाऱ्या बाबांसाठी मी आयपीएसच निवडेन. खोक्यावर हे सहसा लिहिलेले नसते आणि विक्रेत्यालाही ठाऊक असेलच असे नाही. म्हणून दुकानात टीव्हीसमोर उभे न राहता बाजूला जावे, खाली बसून पाहावे आणि माणसाच्या चेहऱ्याचा रंग कितपत बदलतो हे न्याहाळावे. दुकानात संच भडक रंगांवर लावलेले असतात, तेव्हा विनंती करून ते साध्या रंगांवर आणायला सांगावे. ‘ए प्लस पॅनेल’ किंवा ‘एचडीआर’ या शब्दांना या किमतीत मी काहीही किंमत देणार नाही.

आणखी एक विचारते. डीटीएचचा बॉक्स साधा आहे की एचडी? साध्या वाहिन्यांचे चित्र ५७६ ओळींचेच असते आणि ते मोठ्या पडद्यावर ताणले की अधिक धूसर भासते. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी जोडलेल्या असतील, तर एचडी बॉक्स घेऊन तो एचडीएमआय केबलने जोडावा, अन्यथा नव्या टीव्हीवर खर्च केलेल्या पैशांचा अर्धा उपयोगही होणार नाही.

चिरेबंदी:
माझे घर संगमेश्वर तालुक्यात आहे, म्हणून कोकणापुरत्या दोन गोष्टी सांगतो. आपले घर जांभ्याच्या चिऱ्यांचे असेल, तर टीव्ही टांगताना घाई करू नये. टीव्हीबरोबर येणारे छोटे प्लग (स्क्रू धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुंट्या) कित्येकदा फक्त गिलाव्यात अडकतात आणि चिरा ठिसूळ असल्यास काही महिन्यांत सैल होतात. आमच्याकडे सुताराने आधी प्लायवूडची जाड फळी लांब स्क्रूने भिंतीला पक्की केली आणि ब्रॅकेट त्या फळीवर बसवले. ब्रॅकेट पुढे झुकणारे घ्यावे, म्हणजे पलंगावरून पाहताना पडदा थोडा खाली वळवता येईल.

दुसरी गोष्ट विजेची. आजचे बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टपर्यंत व्यवस्थित चालतात, त्यामुळे वेगळ्या स्टॅबिलायझरवर पैसे घालवण्याची गरज मला वाटत नाही. खरा धोका वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या गडगडाटाचा आहे. विजेचा झटका प्लगमधून येतो, तसाच छपरावरच्या डीटीएचच्या छत्रीच्या केबलमधूनही येतो, आणि पुष्कळ लोक प्लग काढतात पण ही केबल तशीच ठेवतात. बाबांना वाकून प्लग काढणे जमणार नसेल, तर स्विचबोर्ड पलंगाजवळ घ्यावा आणि केबल काढण्याचे काम आईंना दाखवून ठेवावे. अर्थिंगही एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

रानवारा:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. बॉक्स साधाच आहे आणि वायरी त्याच तीन रंगांच्या आहेत. इतकी वर्षे मी त्याकडे कधी लक्षच दिले नव्हते. कपाटाचे दार सरकते आहे, त्यामुळे ती अडचण नाही. ४३ इंची आणि एचडी बॉक्स असे ठरवतो. एकच शंका उरली आहे: स्मार्ट टीव्हीचा मुख्य पडदा पाहून बाबा गोंधळतील, याची मला काळजी वाटते.

उत्तरा:
ती काळजी रास्त आहे. अनेक संचांत सुरू होताच थेट डीटीएचचे एचडीएमआय इनपुट लागावे अशी सोय असते. खरेदीपूर्वी ती दुकानात प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा. मग बाबांना फक्त चालू-बंद आणि वाहिनी एवढेच राहील. अंतर्गत मेमरी कमी असल्याने टीव्ही पुढे संथ झालाच, तर बाहेरून स्टिक (ॲप चालवणारे छोटे उपकरण) जोडता येते, पण पॅनेल बदलता येत नाही, म्हणून पैसे पॅनेलकडे वळवावेत.

जुना तंत्रज्ञ:
संच घरी येईल त्या दिवशीच पूर्ण पांढरे आणि पूर्ण काळे चित्र लावून पडदा नीट तपासावा, कारण बदलून मिळण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते. त्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड) शंभरवरून साठ-सत्तरवर आणावा. खोलीत तेवढा उजेड पुरतो आणि पट्ट्या कमी तापतात. आपल्या जुन्या टीव्हीच्या पट्ट्या दोनच वर्षांत पुन्हा का गेल्या, याचे कारणही बहुधा तिथेच सापडेल.