मदत हवी आहे: माटेराझीच्या चेन्नईयनबद्दल

मंडळी, आमच्या अकॅडमीतल्या पोरांना मार्को माटेराझीबद्दल थोडं नीट सांगायचंय, त्यासाठी मदत हवीये. २००६ च्या वर्ल्ड कप फायनलमधला झिदानचा हेडबट सगळ्यांना पाठ, पण त्याच मॅचमध्ये इटलीचा बरोबरीचा गोल याच माणसाने हेडरने मारला होता आणि पुढे २०१४ ला तो इंडियन सुपर लीगमधल्या चेन्नईयन क्लबचा खेळाडू-कोच म्हणून भारतात आला हे पोरांच्या गावीही नाही.

मला खरा इंटरेस्ट २०१५ च्या सीझनमध्ये आहे. चेन्नईत पूर आला म्हणून त्यांची घरची सेमीफायनल आपल्या बालेवाडीत झाली, कोलकात्याला ३-० हरवलं, मग गोव्यात फातोर्ड्याला फायनल, झिकोची गोवा टीम ८७ व्या मिनिटाला २-१ पुढे आणि शेवटी चेन्नईयन ३-२! गोव्याचा गोलकीपर कट्टीमणीकडून स्वयंगोल झाला आणि लगेच चेन्नईयनच्या मेंडोझाने मारला, अजून अंगावर काटा येतो.

तर बालेवाडीला किंवा फातोर्ड्याला कोणी होतं का? टीव्हीवर बॉलच्याच मागे कॅमेरा असतो, त्यामुळे पिछाडीवर गेल्यावर माटेराझीने बेंचवरून नेमकं काय बदललं, डिफेन्स किती वर ढकलला, ते कळत नाही. पूर्ण मॅचचं रेकॉर्डिंग कुठे मिळत असेल तर तेही सांगा, हायलाइट्स नकोत.