सशाच्या ट्रेमध्ये लिटर म्हणून नेमकं काय घालावं?

ठाणे_लंबकर्ण
चार महिन्यांचा नर ससा आहे, वजन १ किलो ८०० ग्रॅम. फ्लॅटमध्ये मोकळाच असतो, गॅलरीच्या दाराजवळ शी-शूसाठी ट्रे ठेवलाय. सध्या दुकानदाराने दिलेलं मांजरांचं लिटर, म्हणजे शू शोषणारे दाणे, घालतोय, ओलं झालं की गोळा होणारं. ससा ते कधीकधी चघळतो. दुकानदाराचं म्हणणं, सगळेच वापरतात. पर्याय विचारले तर कोणी वखारीतला भुसा सुचवला, कोणी कोकोपीट, कोणी रद्दी, कोणी पाइनच्या पेलेट (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या), आणि एकाने पोल्ट्रीत घालतात ते भाताचं तूस. यातलं काय चालेल? पावसाळ्यात वासाचं काय करायचं? शिवाय ट्रेच्या तळाला चुन्यासारखे पांढरे डाग बसलेत, घासून निघत नाहीत.

गवत_आधी
चघळतोय म्हणताय, तर ते लिटर आजच काढा. ही बेंटोनाइट माती असते, पाणी लागलं की फुगते आणि चिकट गोळा होतो. तेच पोटात झालं तर वाट बंद. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं पुढे सरकलं तरच सुटका. पुढचे काही दिवस लेंड्यांवर लक्ष ठेवा. आकार लहान झाला, संख्या घटली किंवा १०–१२ तास त्याने काहीच खाल्लं नाही, तर 'सकाळी बघू' म्हणू नका, डॉक्टरकडे न्या. सिलिकाचे पांढरे खडेही नकोत. त्यांची धूळ उडते आणि ससा श्वास जवळपास पूर्णपणे नाकानेच घेतो.

सशाच्या बाबतीत पहिला प्रश्न 'किती शोषतं' हा नाही, 'खाल्लं तर काय होईल' हा आहे. ससा खात खातच लेंड्या टाकतो, म्हणजे ट्रे हे त्याचं जेवणाचं ताटही आहे. या कसोटीवर दोनच गोष्टी निर्धास्त उरतात: कागदाच्या पेलेट आणि भट्टीत वाळवून, दाबून केलेल्या लाकडाच्या पेलेट.

पाइनच्या नावाने गोंधळ होतो, म्हणून सांगतो. पाइन, देवदार अशा सुवासिक लाकडांच्या कच्च्या भुशात फिनॉल नावाची रसायनं असतात. त्यांच्या वाफा सतत नाकात गेल्या की यकृतातली एन्झाइम्स वाढतात. तुमचा ससा नर आहे, लवकरच नसबंदीचा विचार कराल; भुलीची औषधं यकृतातूनच निकाली निघतात, तेव्हा हे महत्त्वाचं. पेलेट करताना उष्णतेने हे फिनॉल बऱ्याच अंशी उडून जातात. म्हणून पाइनची पेलेट चालते, पाइनचा कच्चा भुसा चालत नाही.

वखारीचा भुसा फुकट असला तरी नको. कुठल्या लाकडाचा आहे ते वखारवाल्यालाही सांगता येत नाही, त्यात प्लायवूडचा डिंक आणि बारीक धूळ. तूस कोंबड्यांना ठीक, पण ते शोषत जवळपास काहीच नाही आणि टोकं टोचतात. पोल्ट्रीत वर चुना भुरभुरतात, तो तर सशाजवळ आणूच नका. बॉयलरसाठी विकतात त्या स्वस्त पेलेटही टाळा. त्यात भुईमुगाची टरफलं, बगॅस (उसाची चिपाडं) असं काहीही असतं, आणि बुरशीची शक्यता मोठी.

कुंडीवाली
कोकोपीटबद्दल थोडं वेगळं मत. पाणी धरून ठेवण्यात त्याच्या जवळ येईल असं काही नाही, वासही दाबतं. गवताचा जाड थर वर असेल तर...

गवत_आधी
वर थर असला तरी ससा उकरतो हो, खाली गेलाच. कोरडं कोकोपीट म्हणजे धूळ, ओलं म्हणजे पायाच्या केसांना चिकटणारा चिखल. बागेसाठी विकतात त्यात कधी खतही मिसळलेलं असतं, शिवाय काथ्याचे लांब धागे. कुंडीतच राहू द्या.

कुंडीवाली
धाग्यांचा मुद्दा मान्य. रद्दी मात्र तात्पुरती नक्की चालते. रोजच्या पेपरची साधी पानं, ८–१० पदर, रोज बदलायची. गुळगुळीत रंगीत पुरवण्या नकोत, त्या शोषत नाहीत. कागद फाडून गिळत असेल तर रद्दीही बंद.

दुकानात पाकीट घेताना 'क्लम्पिंग' (गोळा होणारं), सुगंधी किंवा बेकिंग सोडा घातलेलं असं लिहिलंय का बघा. खात्री नसेल तर वाटीत पाच-सहा दाणे घ्या, ते बुडतील एवढं कोमट पाणी घाला आणि १५ मिनिटं थांबा. साधी लाकडाची पेलेट फुगून मोकळा, ओला भुसा होते, बोटांनी चिमटीत धरली की सुटी पडते. बोटाला डिंकासारखं लागलं, तार आली किंवा सगळ्याचा एकच गोळा झाला, तर पाकीट परत करा. मका किंवा गव्हापासून केलेली 'नैसर्गिक' लिटर इथेच पकडली जातात. ससे ती खाऊ समजून खातात आणि ती पोटात फुगतात.

ठाणे_लंबकर्ण
दोघांचे आभार. लिटर काढून सध्या रद्दी घातली. लाकडाच्या पेलेट मागवतो. किती घालायच्या? खाली पडू नये म्हणून जाळीचा ट्रे घ्यावा का? आणि तो ट्रेच्या बाहेरही शू करायला लागलाय.

व्हिनेगर_चालेल
तुमच्या वजनाच्या सशाची लघवी सरासरी दिवसाला २०० ते २५० मिली धरा. पाणी आणि पालेभाजीप्रमाणे बरीच कमी-जास्त होते. ४५ बाय ३५ सेंमीच्या ट्रेला दीड ते दोन सेंमी थर पुरतो, म्हणजे दीड-दोन किलो पेलेट. जास्त ओतण्यात अर्थ नाही, कारण ओल्या झाल्यावर त्या दुपटीहून जास्त फुगतात आणि वरचा कोरडा थर नुसता फेकला जातो. पेलेटवर मूठ-दोन मुठी सुकं गवत एका टोकाला, रोज ताजं. ससा गवताकडे तोंड करून बसतो आणि दुसऱ्या टोकाला कार्यक्रम उरकतो. भुसा झालेला ओला कोपरा रोज काढा, पूर्ण ट्रे तीन दिवसांनी. पावसाळ्यात दोन दिवसांनी, कारण हवाच दमट असते, ट्रे वाळत नाही आणि अमोनिया साचतो. तुमच्या नाकाला झोंबतोय म्हणजे जमिनीलगत नाक असलेल्या सशाला कधीपासूनच झोंबतोय.

जाळी नको. सशाच्या तळपायाला मांजरासारखी गादी नसते, नुसते केस. तारेवर बसून टाचांना जखमा होतात. पेलेट टोचतायत असं वाटलं तर वर गवताचा थर जाड करा.

पांढरे डाग कॅल्शियमचे. सशाच्या आतड्यातून कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषलं जातं आणि जादाचं लघवीतून बाहेर पडतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं ओतून २० मिनिटं ठेवा. व्हिनेगर नसेल तर अर्धा लिटर पाण्यात मोठा चमचाभर लिंबूफूल. बुडबुडे येऊन थर सुटतो, मग जुन्या टूथब्रशने घासा, पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. फिनेल, डांबरगोळ्या दूर ठेवा. ब्लीच व्हिनेगरबरोबर तर कधीच नाही, विषारी वायू होतो. डाग फार लवकर जमत असतील किंवा लघवी घट्ट, पिठाळ दिसत असेल, तर खाणं बघा: लसूणघास वाढत्या सशाला ठीक, पण सहा महिन्यांनंतर रोजच्यासाठी टिमोथी किंवा दुसरं साधं सुकं गवत. लघवी कधी केशरी-लालसर दिसली तर लगेच घाबरू नका, पानांतल्या रंगद्रव्यांनीही तसं होतं. मात्र कुंथत असेल किंवा थेंबथेंब होत असेल तर डॉक्टर.

बाहेर शू करणं या वयात हार्मोनचं. नसबंदीनंतर काही आठवड्यांत बहुतेक कमी होतं. तोवर जिथे करतो तिथेच दुसरा ट्रे ठेवा आणि जुन्या ट्रेतला मूठभर वापरलेला भुसा त्यात टाका. ओरडून उपयोग नाही.

कुंडीवाली
दोन गोष्टी राहिल्या. पेलेटची गोणी उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पावसाळी हवेत उघडी राहिली तर पेलेटचा गोणीतच भुसा होतो आणि बुरशी धरते. वापरलेलं लिटर कमोडमध्ये टाकू नका, फुगून पाइप तुंबतो. लेंड्या वेचून थेट कुंडीत चालतात, ओला भुसा कंपोस्टमध्ये.

आणि पावसाळ्यात संध्याकाळी शेपटीखाली हात फिरवून बघत जा. केस ओले किंवा शी चिकटलेली असेल तर माशी तिथेच अंडी घालते, एका दिवसात अळ्या दिसू शकतात. दिसल्या तर घरगुती उपाय नकोत, तसाच उचलून दवाखान्यात.