मदत हवी आहे : आतड्याच्या जोडातील गळतीवर दुर्बिणीचा उपचार

माझ्या मोठ्या काकांची गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया नागपूरला झाली. मात्र आतड्याचा जोड (रोगट भाग काढून जिथे दोन टोके शिवली ती जागा) गळू लागला असून पोटातल्या नळीतून अजूनही मळकट, दुर्गंधीयुक्त स्राव येतो. ताप उतरला आहे आणि शौचाची पिशवी आधीच लावलेली आहे, त्यामुळे पुन्हा पोट उघडण्याऐवजी दुर्बिणीतून, गळतीमुळे जोडाजवळ झालेल्या पोकळीत स्पंज बसवून सक्शनने स्राव ओढून घेण्याचा पर्याय डॉक्टरांनी सुचवला आहे. स्पंज दर 3-4 दिवसांनी बदलावा लागतो, म्हणजे दारव्ह्याजवळच्या आमच्या गावाहून ये-जा करणे अशक्यच. त्यात कापूस वेचणीचे दिवस. हा उपचार नागपूर, सेवाग्राम किंवा अमरावती येथे कोणी घेतला आहे का? स्पंज किती वेळा बदलावा लागला आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसला का, हे कृपया कळवावे.