प्रभारक्रम, प्रभारमांडणी की आणखी काही?

खानापूर (प्रश्न विचारणाऱ्या शिक्षिका): बी.एस्सी.च्या मुलांसाठी तांब्याच्या ऑक्साइडांतल्या अतिवाहकतेवर (खूप थंड केल्यावर वीज अजिबात रोध न होता वाहते, त्यावर) मराठीत टिपण लिहितेय. ‘चार्ज ऑर्डरिंग’पाशी अडलेय. वर्गातली बरीच मुलं कन्नड माध्यमातून आलेली. ती चार्जला ‘आवेश’ म्हणतात, आणि घरच्या मराठीत आवेश म्हणजे त्वेष. ‘विद्युतभार’ लिहावं तर वीजबिलावरच्या लोडशी गल्लत होते. म्हणून ‘प्रभार’ पक्का केलाय. पण ऑर्डरिंगला काय म्हणू?

निपाणी: ‘प्रभारमांडणी’ म्हणा की हो मॅडम, पोरांना लगेच कळेल.

टिळकवाडी, बेळगाव: मांडणी नको. मांडणी म्हटली की मांडणारा आला. इथं पदार्थ थंड होताना प्रभार आपणच ठरावीक अंतरानं दाट-विरळ होतो. मी ‘प्रभारक्रम’ म्हणेन. मूळ पदार्थात दर तांब्यामागे एक इलेक्ट्रॉन जखडलेला असतो, त्यामुळे वीज वाहत नाही. लँथनमच्या काही अणूंच्या जागी बेरियम किंवा स्ट्राँशियम घातलं की इलेक्ट्रॉनांची उणीव, म्हणजे ‘विवरं’, तयार होतात. साधारण आठ तांब्यांमागे एक विवर झालं की विवरं रांगा धरतात, उसाच्या शेतातल्या सरी-वरंब्यासारख्या. दोन रांगांत अंतर चार तांब्यांचं. भौतिकशास्त्रज्ञ त्रांक्वादा आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये न्यूट्रॉनांच्या विकिरणातून हे दाखवलं. बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी 1986 मध्ये ज्या लँथनम-बेरियम कुळात अतिवाहकता शोधली, त्याच कुळात नेमक्या या 1/8 प्रमाणाला अतिवाहकता ज्या तापमानाला सुरू होते ते एकदम कोसळतं. क्रम आणि अतिवाहकता यांची अशी चुरस आहे. म्हणून शब्द नेमका हवा.

निपाणी: पण सर, ‘क्रम’ म्हटलं की पोरांना पहिला-दुसरा नंबर आठवणार.

टिळकवाडी: स्फटिकातल्या अणूंचा क्रम आपण शिकवतोच की. तोच अर्थ पुढे न्यायचा. फक्त क्रम ‘लागतो’ म्हणू नका, क्रम ‘उमटतो’ म्हणा. नंबर लागतात, नक्षी उमटते.

खानापूर: हे पटलं. स्ट्राइप्सना, म्हणजे विवरांच्या या रांगांना, ‘पट्टे’ लिहिते. पण ‘चार्ज डेन्सिटी वेव्ह’ला, म्हणजे प्रभाराच्या लाटेसारख्या दाट-विरळ नक्षीला, ‘प्रभारघनता-तरंग’ लिहिलं तर लाट पुढे सरकतेय असं वाटेल ना?

टिळकवाडी: वाटेल. म्हणून पहिल्याच उल्लेखात ‘स्थिर’ जोडा. यिट्रियम-बेरियमच्या पदार्थात तो 2012 मध्ये क्ष-किरणांनी दिसला. तिथं अंतर चार नव्हे, जाळीतल्या सव्वातीन घरांच्या आसपास, म्हणजे अणूंच्या जाळीशी पूर्णांकात जुळत नाही. त्यामुळे पट्टे आणि हा तरंग यांना एकच नाव देऊ नका. ‘प्रभारक्रम’ हे दोघांचं सामाईक नाव ठेवा. आणि ताई, एक वाक्य टिपणात हवंच: थंड करत गेलं की हा तरंग वाढतो, अतिवाहकता सुरू झाली की क्षीण होतो, आणि चुंबकीय क्षेत्रानं अतिवाहकता दाबली की पुन्हा जोर धरतो.

खानापूर: घेतलं. ‘आवेश’ही पहिल्या पानावर कंसात ठेवते, कन्नड माध्यमाच्या मुलांना धागा सापडेल.