मदत हवी आहे: गावच्या घराकडे उतरणारी खडीची वाट दर पावसात वाहून जाते

गाव संगमेश्वर तालुक्यात, देवरुखच्या पुढे. ग्रामपंचायतीच्या डांबरी रस्त्यापासून आमच्या अंगणापर्यंत गाडीची वाट आहे. लांबी १३० फूट, रुंदी १० फूट. घर रस्त्याच्या खाली. पाण्याच्या नळीने लेव्हल काढली तेव्हा एकूण उतार १२ फुटांचा भरला.

मे महिन्यात साडेचार ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) २० एमएम खडी टाकून चार इंचांचा थर दिला. जून संपायच्या आत दोन्ही चाकोऱ्यांचे ओहोळ झाले. मधली खडी जागेवर राहिली आणि चाकांखालची सगळी अंगणात आली. फावड्याने ओढून पुन्हा वर नेली, आठवड्यात परत खाली. आता चाकोऱ्यांत लाल चिखल आहे आणि वरच्या वळणावर वीतभर खोल घळ पडली आहे.

यंदा गणपतीची मूर्ती रस्त्यावरच उतरवावी लागली. भाऊ डोक्यावर घेऊन खाली येताना दोनदा घसरला. मूर्ती सुखरूप आली, पण माझं सगळं लक्ष आईकडे होतं, ती दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती आणि तिचे हात थरथरत होते. वडील ७६ वर्षांचे. दर महिन्याला त्यांना रत्नागिरीला तपासणीसाठी जावं लागतं आणि रिक्षावाला खाली यायला तयार होत नाही. काठी टेकत चढतात, आई मागून छत्री धरते. मी पुण्यात, तिथे दोघंच.

गवंडी म्हणतो, सरळ सिमेंटचा कोबा करून टाका. माझं मन घेत नाही. कोब्यावरून पाणी आणखी वेगाने जोत्यावर येईल, शिवाय श्रावणात शेवाळ धरणार.

आणखी खडी टाकावी, की आधी मुरूम? गटार कोणत्या अंगाला काढू? उतरताना डाव्या हाताला शेजाऱ्यांचा गडगा (रचलेल्या दगडांची कुंपणभिंत) आहे, उजवीकडे आमची कलमं आणि त्यापलीकडे पऱ्या, म्हणजे छोटा ओढा. खाली जोत्यापाशी शोषखड्डा घेतला तर चालेल का?

डोंगरउतार:
ताई, मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो, बहुतेक नोकरी घाटरस्त्यांवर गेली. खडीचा विचार तूर्त बाजूला ठेवा. पाणी कुठून येतंय ते आधी शोधा.

साधा हिशेब आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमची वाट साधारण १२० चौरस मीटर. दिवसात १०० मिलिमीटर पडला तर वाटेवर १२ हजार लिटर पडतं, तेही चोवीस तासांत विभागून. एवढ्याने वीतभर घळ पडत नाही. बाहेरचं पाणी आत येतंय. हस्ताचा पाऊस अजून बाकी आहे. जोराची सर आली की कुणाला तरी वाटेच्या तोंडाशी उभं करा आणि फोनवर चित्रण मागवा. पाऊस गेल्यावर नुसत्या खुणा उरतील, त्यावरून अंदाज चुकतो.

दुसरं, सुटी २० एमएम खडी इतक्या उतारावर टिकत नाही. दाणे एकाच मापाचे, मध्ये पोकळी, घट्ट धरणारं काही नाही. खाली ४० एमएम खडीचा थर, फटींत कच (दगडाचा बारीक चुरा) आणि मुरूम, पाणी मारून रोलर. वर १२ एमएम आणि कच, पुन्हा रोलर. लाल माती वर येत असेल तर सगळ्यात खाली जिओटेक्स्टाइल कापड घाला, ते पाणी जाऊ देतं पण माती अडवतं. नदीतली गोटी फुकट मिळाली तरी घेऊ नका, ती चाकाखाली घरंगळते.

वाटेला मधे उंचवटा न ठेवता सगळा उतार पऱ्याच्या अंगाला द्या, १० फुटांत चार-पाच इंच. शेजाऱ्यांच्या गडग्याकडे थेंबही जाता कामा नये. पायाशी पाणी मुरलं की गडगा फुगतो, आणि मग वर्षानुवर्षांचं बोलणं बंद होतं. अशी घरं पाहिली आहेत.

माडाखाली:
आमची वाट कुडाळजवळ, याहून उभी आहे. आम्ही दर २५-३० फुटांवर तिरके चर काढले. काटकोनात काढू नका, गाडीला धक्का बसतो आणि चर गाळाने भरतो. वाटेला तिरका, पाणी सोडायच्या अंगाला उतरता, पसरट बशीसारखा. तळाला चिरे बसवले आहेत. चाकोरीत पाणी वेग धरायच्या आत बाहेर पडतं. जिथे बाहेर पडतं तिथे दगडांचं पिचिंग, म्हणजे घट्ट बसवलेल्या दगडांचा थर, आणि खाली वाळा लावलाय. वाळ्याची मुळं खोल जातात, माती हलत नाही. तुमच्याकडे कलमांच्या बुंध्यात पाणी साचू देऊ नका, मधून पाट काढून थेट पऱ्याला न्या.

आणि चर साफ करायला माणूस ठरवून ठेवा. आषाढ-श्रावणात पंधरा दिवस दुर्लक्ष झालं तरी पाला अडकून पाणी पुन्हा चाकोरीत येतं. आई-वडिलांवर हे काम टाकू नका.

जोत्यापाशी शोषखड्डा नकोच. जांभ्याखाली शेडी, म्हणजे चिकणमातीचा थर, लागली की पाणी खाली जात नाही. जुलैत खड्डा काठोकाठ भरेल आणि ओल भिंतीत चढेल.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. काल दुपारी मोठी सर आली आणि भावाने चित्रण पाठवलं. काका, तुमचं बरोबर निघालं. रस्त्याकडेचं गटार वरून भरून येतं आणि आमच्या तोंडाशी संपतं. वाट केली तेव्हा गाडी उतरावी म्हणून आम्हीच ते दगडमाती टाकून बुजवलं होतं, खालून पाणी जायला नळ टाकलाच नाही. चढावरचं सगळं पाणी आमच्या वाटेने घरात शिरतंय. छपराच्या पागोळ्याही खालच्या वळणावरच पडतात, तिथे पन्हळ लावून घेते.

ग्रामपंचायतीला लेखी अर्ज देऊन दिवाळीनंतर तिथे वाटेखालून पाणी जायला नळाची मोरी करून घ्यायची ठरवलं आहे. नळ किती मोठा घ्यावा?

डोंगरउतार:
फूटभर व्यासाच्या खाली जाऊ नका. मात्र वरच्या गटाराचा काटछेद त्याहून मोठा असेल तर नळही मोठा घ्या, नाहीतर तोंडाशी पाणी तुंबून पुन्हा तुमच्याकडेच वळेल. बारीक नळ पाल्याने बसतो आणि आत हातही जात नाही. पाण्याच्या दिशेने थोडा उतार, दोन्ही तोंडांना चिऱ्याची भिंत. नळावर दीड फूट भरणी बसत नसेल तर भोवती काँक्रीट करा, खडीच्या डंपरखाली उघडा नळ फुटतो. वाटेच्या तोंडाला आडवा पाच-सहा इंचांचा पसरट उंचवटाही द्या, म्हणजे डांबरावरून वाहणारं पाणी पुढे निघून जाईल.

खडीचं काम त्यानंतर. अंगणात उतरलेली खडी फेकू नका, वरच्या थराच्या खाली ती वापरता येईल.