'एक्स्टासिस'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : ग्रीक शोकनाट्य आणि मद्य-उन्मादाचा ग्रीक देव डायोनायसस याची उपासना यांबद्दल वाचताना 'एक्स्टासिस'साठी कुठे 'परमानंद', कुठे 'समाधी' असे दिसते. योग्य शब्द कोणता? 'एन्थुसिआस्मॉस' म्हणजेही तेच का?

उत्तर : 'समाधी' नकोच. समाधीत चित्त स्थिरावते, इथे ते जागा सोडते. 'एक्' म्हणजे बाहेर, 'स्टासिस' म्हणजे उभे असणे. मूळ अर्थात आनंद नाही. ग्रीक वैद्यकात बुद्धिभ्रंशालाही हाच शब्द आहे. 'भान सुटणे' सर्वांत जवळचे.

नाटककार युरिपिडीसच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. 405 च्या सुमारास रंगमंचावर आलेल्या त्याच्या 'बाक्खाय' या शोकनाट्यामध्ये हे भान परत येतानाही दिसते. डायोनायससच्या उन्मादात आगावेने पोटच्या मुलालाच, पेन्थेउसला मारले आहे; तिच्या हातात त्याचे शिर आहे आणि तिला ते सिंहाचे वाटते आहे. तिचा बाप काद्मॉस थेट सत्य सांगत नाही. आधी आकाशाकडे बघ म्हणतो, मग विचारतो : लग्न होऊन कोणत्या घरी गेलीस? मुलाचे नाव काय? शिराकडे तो सगळ्यांत शेवटी वळतो. मधेच ती म्हणते की आधीच्या मनःस्थितीतून मी हलते आहे, आणि तिथले क्रियापद 'स्टासिस'च्याच धातूचे आहे. 'परमानंद' लिहिले की हा धागाच तुटतो.

दुसरे उत्तर : वरील मताशी सहमत. 'एन्थुसिआस्मॉस' मात्र वेगळा. तो 'एन्थेओस'वरून, म्हणजे 'आत देव असलेला'. एकात मन बाहेर पडते, दुसऱ्यात देव आत शिरतो. 'अंगात येणे' चपखल वाटते, पण त्या शब्दामागे प्रश्न विचारणे, कौल घेणेही येते. प्लेटोने 'फायड्रस' या संवादात दैवी उन्मादाचे चार प्रकार केले आहेत : भविष्यकथनाचा अपोलोचा, दीक्षाविधींचा डायोनायससचा, काव्याचा म्यूझदेवतांचा आणि प्रेमाचा आफ्रोडिटी-इरॉसचा. कौलाची छटा पहिल्यात आहे. म्हणून डायोनायससच्या संदर्भात 'संचार' बरा, शिवाय तो अख्ख्या समूहालाही लावता येतो.

एक चूक वारंवार होते, तीही इथेच नोंदवतो. 'औलॉस'चे भाषांतर 'बासरी' करतात. औलॉसला जिभाळी असते, नळ्या दोन असतात आणि एकच वादक दोन्ही एकदम फुंकतो. त्याचा नाद सनईच्या कुळातला, भेदक. ॲरिस्टॉटल 'पॉलिटिक्स'च्या आठव्या भागात या वाद्याला मन चेतवणारे म्हणतो आणि संचारलेले लोक पवित्र सुरांनी शांत होतात ते वर्णन करताना 'काथार्सिस' (आत साचलेले बाहेर काढून मोकळे करणे) हाच शब्द वापरतो. त्यामुळे 'विरेचन' हा पोट साफ करण्याच्या उपचाराचा आयुर्वेदातला शब्द मला 'शुद्धी'पेक्षा योग्य वाटतो.

प्रश्न : मग शोकनाट्य संचारातून जन्मले, असे लिहावे का?

उत्तर : नाही. ॲरिस्टॉटल एवढेच म्हणतो की ते डिथिरॅम्ब गाण्यात पुढाकार घेणाऱ्यांपासून निघाले. डिथिरॅम्ब हे डायोनायससचे समूहगीत; अथेन्सच्या स्पर्धेत ते पन्नास जण गात. शोकनाट्याचा कोरस, म्हणजे गाणारा-नाचणारा ताफा, आधी बाराचा, नाटककार सोफोक्लीसपासून पंधराचा. कोरसच्या तालमीचा खर्च एखादा धनिक नागरिक उचलत असे. बोलणारे नट तीनच, म्हणून मुखवटे बदलत एकालाच अनेक पात्रे करावी लागत. भान सुटलेल्या माणसाचे हे काम नव्हे. पेन्थेउस आणि आगावे या दोन्ही भूमिका बहुधा एकाच नटाने केल्या असाव्यात. तसे असेल, तर आगावे होऊन आलेल्या त्या नटाच्या हातातले शिर म्हणजे त्यानेच थोड्या वेळापूर्वी उतरवलेला मुखवटा.