डेट्रॉइट फ्रेंचांनी वसवलं की नाही?

नदीकाठ
अमेरिकेतलं डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं शहर, फ्रेंच काय ते फक्त नावापुरते, असं मत मागच्या एका चर्चेत दोघा-तिघांनी मांडलं होतं. मला ते अजिबात पटत नाही. अकरा वर्षं मी या शहराच्या उपनगरात राहतोय, पाहुणे आले की त्यांना शहर दाखवायला नेतो.

डाउनटाउनच्या पूर्वेला गाडी काढा. बोबियन, रिव्हार्ड, सेंट ऑबिन, शेन, जोसेफ कॅम्पो असे रस्ते एकामागून एक लागतात, सगळे नदीपासून सरळ आत जाणारे. ही फ्रेंच शेतकऱ्यांची आडनावं आहेत आणि रस्ते त्यांच्या बांधांवर आहेत. २४ जुलै १७०१ ला फ्रेंच अधिकारी कॅडिलॅक शंभरेक माणसं घेऊन मॉन्ट्रियलकडून होड्यांनी इथे उतरला. लेक सेंट क्लेअर आणि लेक ईरी यांना जोडणारा हा चिंचोळा जलमार्ग, म्हणून नाव 'देत्रुआ', म्हणजे सामुद्रधुनी. इंग्रजांची वाट अडवायची आणि फरचा व्यापार हातात ठेवायचा, हा हेतू. दोनच दिवसांनी सेंट ॲनच्या सणाला चर्चची सुरुवात झाली. तो पॅरिश, म्हणजे त्या चर्चचा भक्तसमुदाय, आजही चालू आहे.

पुढे जमिनी वाटल्या त्या पट्ट्यांनी: रुंदी शे-दोनशे मीटर, लांबी दोन-तीन किलोमीटर. रस्ते नव्हतेच, नदी हाच रस्ता. प्रत्येकाच्या दारात होडी लागायला हवी आणि शेजारी हाकेच्या अंतरावर हवा. ग्रॅशिट ॲव्हेन्यूसुद्धा त्याच काळाची खूण. एवढं सगळं असताना 'नावापुरते' कसं म्हणायचं?

मीनल_ट्रॉय
असहमत. आधी एक दुरुस्ती: ग्रॅशिट फ्रेंच राजवटीतला नाही. चार्ल्स ग्रॅशिट हा अमेरिकन सैन्यातला इंजिनियर. त्याने १८१४ मध्ये उत्तरेला किल्ला बांधला, त्याचं नाव या रस्त्याला मिळालं. घराणं सेंट लुईसचं फ्रेंच, पण माणूस अमेरिकेच्या नोकरीत.

आता मुद्दा. १७६० मध्ये फ्रेंचांचा इथला किल्ला इंग्रजांकडे गेला, १७९६ मध्ये अमेरिकनांकडे. ११ जून १८०५ च्या आगीत जवळजवळ सगळं गाव जळालं. त्यानंतर न्यायाधीश ऑगस्टस वुडवर्डने नवा आराखडा केला, चाकाच्या आऱ्यांसारखे पसरणारे हमरस्ते त्यातूनच आले. आपण रोज ज्या शहरात गाडी चालवतो ते हे. आणि शहराला मोठं केलं कारखान्यांनी आणि दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीय कामगारांनी. शंभर माणसांच्या वस्तीला शहराचं श्रेय देणं मला अन्यायाचं वाटतं.

नदीकाठ
ग्रॅशिटची चूक मान्य, धन्यवाद.

पण आगीत घरं जळतात, हद्दी जळत नाहीत. माझ्या एका मित्राने शहरालगतच्या ग्रोस पॉइंटला घर घेतलं. खरेदीचे कागद मी स्वतः पाहिले. लॉट नंबराच्या पुढे 'प्रायव्हेट क्लेम' आणि एक आकडा. आपल्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो ना, तसं. अमेरिकन सरकारने जुन्या रहिवाशांचे हक्क तपासून मान्य केले आणि त्या पट्ट्यांना हे क्रमांक दिले. आज तिथे मालक कुणीही असो, दस्तात ती पट्टी आहे. वुडवर्डचा आराखडा तर पूर्ण झालाच नाही. नदीकाठच्या पट्ट्यांच्या मालकांनी आपल्या शेतांवरून तो जाऊ दिला नाही, हेही एक कारण.

मीनल_ट्रॉय
पट्ट्यांचंच बोलायचं तर डाउनटाउनजवळच्या ब्लॅक बॉटम या भागाचं बोलू. तिथली काळीभोर, सुपीक माती पाहून फ्रेंच शेतकऱ्यांनी हे नाव दिलं असं सांगतात. विसाव्या शतकात तीच कृष्णवर्णीयांची वस्ती झाली. हेस्टिंग्ज स्ट्रीटवर त्यांची दुकानं, दवाखाने, गाण्याचे क्लब होते. पुढे नूतनीकरणाच्या नावाखाली वस्ती पाडली आणि हेस्टिंग्जच्या जागी फ्रीवे आला. बोबियनचं नाव पाटीवर टिकलं, हेस्टिंग्जवरच्या माणसांची घरं टिकली नाहीत. कुणाच्या खुणा जपायच्या हे कोण ठरवतं? आणि ज्या जोसेफ कॅम्पोचं नाव रस्त्याला आहे, त्याने गुलाम बाळगले होते. तेही सांगा पाहुण्यांना.

सातपुडा
दोघेही १७०१ पासूनच सुरुवात करताय, माझा आक्षेप तिथे आहे. या जागेला इथल्या मूळ रहिवासी अनिशिनाबे लोकांचं नाव आहे: वावियाटानाँग, नदी जिथे वळसा घेते ती जागा. कॅडिलॅकने ओडावा, ह्युरॉन, पोटावाटोमी या जमातींना बोलावून किल्ल्याभोवती वसवलं. थोड्याच वर्षांत त्यांची संख्या फ्रेंचांच्या कितीतरी पट झाली. फर आणणारे ते. त्यांच्याशिवाय किल्ला एक हिवाळाही निघाला नसता. १७६३ मध्ये ओडावांचा प्रमुख पाँटिॲक याने या किल्ल्याला महिनोन्‌महिने वेढा घातला, तो उगाच नाही.

आणि नदीकाठ, तुम्ही दस्ताचं बोललात म्हणून सांगतो. १७९५ चा ग्रीनव्हिलचा तह वाचा. मूळ रहिवाशांनी कोणत्या जागा सोडल्या त्याची यादी आहे. डेट्रॉइटजवळच्या जमिनीबद्दल त्यात लिहिलंय की फ्रेंच आणि इंग्रज सरकारांना दिलेल्या भेटी किंवा दानांमुळे तिथला त्यांचा हक्क संपला. म्हणजे जमीन देणारं कुणीतरी होतं, हे अमेरिकन सरकारनेच लिहून ठेवलंय. तुमच्या प्रायव्हेट क्लेमच्या आधीचा फेरफार तो आहे.

नदीकाठ
हे कलम मला माहीत नव्हतं. आज रात्री पूर्ण तह वाचतो. 'वसवलं' हा शब्द मागे घेतो, 'आखलं' म्हणेन. पट्ट्या फ्रेंचांच्याच, त्यावर मी ठाम आहे.

मीनल_ट्रॉय
'आखलं'वरही माझं उत्तर वुडवर्डच. पण पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन निघालात की मलाही बोलवा, हेस्टिंग्ज कुठे होता ते मी दाखवते.